चिन्ह मागितले, मिळाला डिस्ट्रक्टर: ओपीच्या टास्कबारमधल्या एका प्लगइनचे प्रकरण

यंत्र शार्प झॉरस एसएल-५५०० हा हातात मावणारा संगणक, त्यावर ओपी हे लिनक्सवरचे ग्राफिकल वातावरण. टास्कबारमध्ये मोकळी मेमरी उभ्या पट्टीने दाखवणारे एक छोटे अ‍ॅपलेट बसवलेले होते. पहिली आवृत्ती बरी चालत होती. फक्त कधीकधी पट्टी एकाऐवजी दोनदा दिसायची. दुसऱ्या आवृत्तीत त्याच लायब्ररीतून स्टार्ट मेन्यूमध्ये ‘मेमरी तपशील’ ही ओळ जोडली. पॅकेज चढवताच लाँचर, म्हणजे टास्कबार आणि मेन्यू चालवणारा मुख्य प्रोग्रॅम, कोसळला, आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी तेच घडत राहिले. सुरुवातीचे चित्र येते, टास्कबार क्षणभर उमटतो, पडदा कोरा होतो, पुन्हा पहिल्यापासून.

दोन्ही लक्षणांचे मूळ वेगळे होते. पण दोन्ही दोष एकाच ठिकाणी लपले होते: इंटरफेसच्या हेडर फाइलमध्ये जे लिहिलेले नसते, त्यात.

प्लगइन कुठे राहतो

ओपी २००२ मध्ये ट्रोलटेकच्या क्यूटोपियापासून फुटून निघाली आणि प्लगइनची पद्धत तिने तिथूनच घेतली. एसएल-५५००मध्ये २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश आणि २४० बाय ३२० पिक्सेलचा पडदा. एवढ्याशा जागेत प्रत्येक घड्याळासाठी आणि बॅटरीच्या चिन्हासाठी वेगळी प्रोसेस परवडत नाही. म्हणून टास्कबारची अ‍ॅपलेट ही शेअर्ड लायब्ररी असते आणि ती लाँचरच्या, म्हणजे ‘क्यूपीई’च्या, प्रोसेसमध्येच चढते.

याची किंमत मोठी आहे. हाच लाँचर क्यूटी एम्बेडेडचा, म्हणजे ओपीखालच्या ग्राफिकल लायब्ररीचा, विंडो सर्व्हरही असतो. तो पडला की त्याच्यावर चित्र काढणारे सगळे प्रोग्रॅम बंद पडतात आणि कुणाची न साठवलेली टिपणेही त्यांच्याबरोबर जातात. मेमरीची पट्टी रंगवणाऱ्या चार ओळींत एक शून्य पॉइंटर निसटला, तर त्याची झळ अख्ख्या यंत्राला बसते.

प्लगइनचे प्रकार बरेच आहेत: अ‍ॅपलेट, कीबोर्ड व हस्ताक्षरासारख्या इनपुट पद्धती, स्टाइल, विंडोची सजावट, ‘टुडे’ पडद्यावरचे तुकडे, नेटवर्कची सेटिंग्ज. प्रत्येकासाठी ‘प्लगइन्स’ फोल्डरात वेगळा उपफोल्डर. या प्रकरणात कामाचा एकच, ‘प्लगइन्स/अ‍ॅपलेट्स’. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की टास्कबारचा ट्रे आणि स्टार्ट मेन्यू हे दोघेही याच फोल्डरात हात घालतात. ‘लिब’ने सुरू होऊन ‘.एसओ’ने संपणारी प्रत्येक फाइल ट्रे उघडतो आणि विचारतो, ‘टास्कबार अ‍ॅपलेट आहेस का?’ तीच फाइल मेन्यू पुन्हा उघडतो आणि विचारतो, ‘मेन्यू अ‍ॅपलेट आहेस का?’ प्रश्न विचारला जातो तो १२८ बिटांच्या यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येक इंटरफेसच्या ठरलेल्या ओळखक्रमांकाने, क्वेरीइंटरफेस() या फंक्शनमार्फत.

इंटरफेस म्हणजे लाँचर ज्यांना हाक मारतो त्या फंक्शनांची ठरलेली यादी. टास्कबारचा इंटरफेस अगदी लहान. अ‍ॅपलेट() हे फंक्शन पालक विजेट (पडद्यावरचा घटक) घेते आणि आपले विजेट देते. पोझिशन() रांगेतल्या जागेसाठी एक पूर्णांक देते. मेन्यूच्या इंटरफेसमध्ये सहा फंक्शने: नेम(), पोझिशन(), आयकॉन(), टेक्स्ट(), पॉपअप(), अ‍ॅक्टिव्हेटेड(), याच क्रमाने. हा क्रम पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आधी यंत्र सोडवा

लाँचर घिरट्या घालत असताना पडद्यावरून काहीच करता येत नाही. यूएसबीच्या नेटवर्कवरून एसएसएचने आत शिरावे, इनिट स्क्रिप्टने लाँचर थांबवावा आणि संशयित लायब्ररीचे नाव बदलावे. शेवटी ‘.बंद’ असे काही जोडले तरी पुरते; नाव ‘.एसओ’ने संपत नसेल तर लाँचर तिच्याकडे बघतही नाही. पॅकेज काढून टाकण्याची घाई करू नये, कारण पुराव्याची फाइलच त्यासोबत जाते.

दुसरा मार्ग सेटिंगचा. होम फोल्डरातल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टास्कबार.कॉन्फ’ असते. तिच्या ‘अ‍ॅपलेट्स’ गटात ‘एक्स्क्लूडअ‍ॅपलेट्स’ ही स्वल्पविरामांनी तोडलेली यादी असते. तिच्यात लायब्ररीचे नाव घातले की ट्रे ती वगळतो. इथे बहुतेक जण फसतात: मेन्यूची यादी वेगळी, ‘स्टार्टमेन्यू.कॉन्फ’मध्ये. एकाच फाइलीत नाव घातले तर ट्रे गप्प बसतो आणि मेन्यू तीच लायब्ररी उघडून पुन्हा कोसळतो. या प्रकरणात नेमका हाच फरक पहिला धागा ठरला. टास्कबारच्या यादीत नाव घातले, कोसळणे थांबले नाही. मेन्यूच्या यादीत घातले, थांबले.

काय नाही, ते आधी ठरवणे

लायब्ररी मुळात चढलीच नाही, तर लाँचर कोसळत नाही. अ‍ॅपलेट नुसते दिसत नाही, कुठेही तक्रार उमटत नाही. म्हणून ‘अ‍ॅपलेट दिसत नाही’ आणि ‘लाँचर पडतो’ हे दोन वेगळे आजार धरावेत.

न दिसण्याची कारणे ठरलेली आहेत. पॅकेज बांधताना ‘.एसओ’ नावाची सिमलिंक डेव्हलपमेंटच्या पॅकेजमध्ये गेली आणि यंत्रावर फक्त ‘.एसओ.१.०.०’ पोहोचली, हे सर्रास घडते. दुसरे कारण कंपायलरचे. जीसीसी २.९५ने बांधलेली लायब्ररी जीसीसी ३ने बांधलेल्या प्रणालीवर चढत नाही, कारण सी++ची नावे गुंफण्याची पद्धतच बदलली. लायब्ररीत शिरण्याचे दार असलेले ‘यूसीएम_इन्स्टॅन्शिएट’ हे साध्या सीच्या पद्धतीने नोंदलेले असते, त्याला याची बाधा नाही. पण आतले क्यूटीचे वर्ग सापडत नाहीत आणि दारापर्यंत जायची वेळच येत नाही. तिसरे, मॉक या क्यूटीच्या साधनाने तयार केलेली फाइल लिंक करायची राहिली की वर्गाचे व्ही-टेबल, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता, हरवते.

एखादे फंक्शनच गायब असेल आणि ते पहिल्यांदा बोलावले जाईपर्यंत शोधले जात नसेल, तर मात्र लाँचर चालता चालता मरतो. तेव्हा टर्मिनलवर ‘सिम्बॉल लुकअप एरर’ असा डायनॅमिक लिंकरचा संदेश दिसतो आणि कोअर फाइल (मरतानाच्या मेमरीची नोंद) तयार होत नाही. हे तपासायला लाँचर हाताने, टर्मिनलमधून, ‘एलडी_बाइंड_नाऊ’ हे व्हेरिएबल १ करून चालवावा. लिंक करताना ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय लिंकरला दिला तर ही भानगड यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. प्लगइनच्या बिल्डमध्ये तो कायमचा असावा.

इथे असा संदेश आला नाही. सरळ सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे लायब्ररी चढली, उत्तर दिले आणि नंतर काहीतरी बिनसले.

कोअर फाइल हवी असेल तर ‘यूलिमिट’ने मर्यादा उठवावी लागते, पण ती १६ एमबीच्या फ्लॅशवर पाडू नये. सीएफ किंवा एसडी कार्डावर पाडावी आणि मोठ्या संगणकावर क्रॉस-जीडीबीने उघडावी. डीबगची माहिती असलेली लायब्ररी यंत्रावर चढवायची गरज नाही. तीच बांधणी, स्ट्रिप न केलेली, संगणकावर असली की झाले.

बॅकट्रेसमधला चमत्कार

बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची उतरंड, अशी होती: सर्वांत वर मेमरी मोकळी करणारे फंक्शन, त्याखाली प्लगइनच्या मुख्य वर्गाचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मोडताना चालणारे फंक्शन), आणि त्याखाली स्टार्ट मेन्यू बांधणारा कोड. आता स्टार्ट मेन्यू प्लगइनचा डिस्ट्रक्टर थेट कधीच बोलावत नाही. तो फक्त रिलीज() म्हणतो, म्हणजे आपला वापर संपल्याचे सांगतो. शिवाय डिस्ट्रक्टरमधला ‘धिस’ पॉइंटर हीपवरचा नव्हता, स्टॅकवरचा होता. आणि आर१ या रजिस्टरमध्ये प्लगइनच्या खऱ्या ऑब्जेक्टचा पत्ता बसला होता.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की उलगडा होतो. एआरएमवर एखादे फंक्शन क्यूआयकॉनसेटसारखा (चिन्हे ठेवणारा) स्वतःचा कॉपी कन्स्ट्रक्टर असलेला ऑब्जेक्ट परत देणार असेल, तर निकाल ठेवायच्या जागेचा पत्ता आर०मध्ये जातो आणि ‘धिस’ आर१मध्ये सरकतो. म्हणजे मेन्यूने आयकॉन() बोलावले होते. ती हाक पोहोचली डिस्ट्रक्टरपाशी. त्याने निकालाच्या रिकाम्या जागेलाच आपला ऑब्जेक्ट समजून तिथल्या कचऱ्यातला पट्टीचा पॉइंटर डिलीट केला.

हाक चुकली कशी? प्लगइनचा वर्ग आता दोन इंटरफेसांपासून उतरला होता, टास्कबारच्या आणि मेन्यूच्या. दोन्हींचा पूर्वज क्यूअननोनइंटरफेस. त्यामुळे क्वेरीइंटरफेस()मध्ये नुसते ‘धिस’ परत द्यायला गेले की कंपायलर अडतो: पूर्वज दोन आहेत, कोणता घेऊ? ही तक्रार गप्प करण्यासाठी दोन्ही ठिकाणी तोच कास्ट चिकटवला गेला, टास्कबारच्या इंटरफेसचा. कंपायलर समाधानी. पण मेन्यूच्या यूयूआयडीला उत्तर म्हणून पॉइंटर गेला टास्कबारचा, आणि लाँचर तो डोळे मिटून मेन्यूचा समजतो. तिथे प्रकार तपासणारे कुणी नाही. यूयूआयडी जुळला म्हणजे शब्द दिला, एवढाच पहारा.

व्ही-टेबलच्या जागा मोजल्या की चित्र स्पष्ट होते. पहिल्या तीन जागा सर्वांच्या सारख्या: क्वेरीइंटरफेस, अ‍ॅडरेफ (वापर सुरू झाल्याची नोंद), रिलीज. चौथी जागा मेन्यूच्या मते नेम(), टास्कबारच्या टेबलात अ‍ॅपलेट(). पाचवी दोन्हीकडे पोझिशन()! म्हणून क्रम लावण्यापर्यंत सगळे बिनबोभाट पार पडले, आणि तपासणाऱ्याची दिशाभूल झाली ती इथेच. सहावी जागा मेन्यूला आयकॉन()ची वाटते. टास्कबारचा इंटरफेस मात्र पाचव्या जागेलाच संपतो. पुढे जीसीसी ३ प्लगइनच्या वर्गातली नवी व्हर्च्युअल फंक्शने लिहिलेल्या क्रमाने मांडतो, आणि वर्गात सर्वांत वर लिहिलेला होता व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर. तो सहावी आणि सातवी अशा दोन जागा घेतो.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. मेन्यूचा यूयूआयडी आला तर मेन्यूच्या इंटरफेसमधून कास्ट, टास्कबारचा आला तर टास्कबारच्या. क्यूअननोनच्या यूयूआयडीला उत्तर मात्र दर वेळी एकच पॉइंटर असले पाहिजे, मग तो दोन्हींपैकी कोणताही असो. ओळख न पटलेल्या यूयूआयडीला ‘इंटरफेस’ शून्य करून क्यूएस_फॉल्स परत द्यावे आणि अ‍ॅडरेफ() फक्त होकार देताना करावे.

पण खरे तर एका वर्गाला दोन टोप्या घालूच नयेत. दोन वेगळ्या लायब्ररी कराव्यात, एक ट्रेसाठी, एक मेन्यूसाठी, आणि त्यांना एकमेकींशी बोलायचेच असेल तर क्यूकॉपच्या, म्हणजे प्रोग्रॅमांमधल्या संदेशवहनाच्या, चॅनेलवरून बोलू द्यावे. फ्लॅशवर काही केबी जास्त जातात, पण वापरणाऱ्याला पट्टी ठेवून मेन्यूची ओळ बंद करता येते. नुसत्या टास्कबारसाठी ओपीच्या १.२ मालिकेत तयार टेम्प्लेट आहे: विजेटचा वर्ग लिहायचा, त्यात पोझिशन() हे स्टॅटिक फंक्शन ठेवायचे आणि शेवटी ‘एक्स्पोर्ट_ओपी_अ‍ॅपलेट_व्ही१’ हा मॅक्रो. क्वेरीइंटरफेस आणि संदर्भ-मोजणी तोच सांभाळतो. जुन्या घड्याळ-अ‍ॅपलेटची फाइल कॉपी करून सुरुवात करण्याची सवय तरीही टिकून राहिली, आणि असले दोष तिच्यातूनच पसरले.

दोन पट्ट्यांचे कोडे

आता पहिल्या आवृत्तीकडे. ‘क्यूपीई/टास्कबार’ या चॅनेलवर ‘रीलोडअ‍ॅपलेट्स()’ हा संदेश गेला की ट्रे सगळी अ‍ॅपलेट उतरवतो, मेन्यू नव्याने बांधतो आणि अ‍ॅपलेट पुन्हा चढवतो. अ‍ॅपलेटच्या पॅकेजची पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट हाच संदेश पाठवते, त्यामुळे दुसऱ्याच कुणाचे अ‍ॅपलेट बसवले तरी आपलेही उतरून पुन्हा चढते.

उतरवणे म्हणजे काय? ट्रे रिलीज() म्हणतो आणि लायब्ररी अनलोड करतो. विजेट तो डिलीट करत नाही! अ‍ॅपलेट()मधून दिलेले विजेट आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये मोडणे ही प्लगइनची जबाबदारी आहे. हे हेडरमध्ये लिहिलेले नाही. नमुन्याच्या अ‍ॅपलेटांत दिसते तेवढेच.

या प्लगइनच्या डिस्ट्रक्टरमध्ये ‘डिलीट’ होते. पण डिस्ट्रक्टर चालतच नव्हता. संदर्भ मोजणारा क्यू_रेफकाउंट मॅक्रो वर्गातले ‘रेफ’ हे चल वाढवतो-घटवतो आणि शून्यावर आले की ऑब्जेक्ट मोडतो. ‘रेफ’ जाहीर करणे आणि कन्स्ट्रक्टरमध्ये शून्य करणे मॅक्रो करत नाही. इथे ते शून्य करायचे राहिले होते. हीपची ताजी पाने कर्नल शून्याने भरून देतो, म्हणून कधी नशिबाने सारे जमायचे. लाँचर बराच वेळ चालला असेल तर वापरून परत आलेल्या तुकड्यात कचरा असायचा, मोजणी शून्यावर यायची नाही, आणि जुनी पट्टी ट्रेच्या लेआउटमध्ये तशीच उभी राहायची. शेजारी नवी. म्हणून दोन.

यातली धोक्याची बाजू अशी, की त्या जुन्या पट्टीचा कोड मधल्या काळात मेमरीतून उतरलेला असतो. तरी ती चालते, कारण तीच फाइल लगेच पुन्हा चढते आणि बहुधा त्याच पत्त्यावर बसते. इव्हेंट लूपकडे परत जाईपर्यंत सगळे जिथल्या तिथे. फाइल बदलली असेल, म्हणजे नवी आवृत्ती चढली असेल, तर पत्ते सरकतात आणि जुन्या पट्टीचा टायमर वाजला की प्रोसेसर भलत्याच सूचनांच्या मध्यात उडी मारतो. त्यामुळे चाचणीत शंभर वेळा रीलोड केले तरी दोष दिसत नाही आणि अपग्रेडला लाँचर पडतो. अ‍ॅपलेट काढून टाकताना तर हमखास, कारण तेव्हा त्या पत्त्यावर काहीच उरत नाही.

लायब्ररी खरोखर उतरली का, हे पाहायला लाँचरच्या प्रोसेसची ‘प्रॉक’मधली ‘मॅप्स’ फाइल वाचावी. अ‍ॅपलेट काढून रीलोड केल्यावर तिच्यात त्या लायब्ररीची एकही ओळ राहता कामा नये. मात्र ओळ गेली एवढ्यावर विसंबू नये. पडद्यावर पट्टी उरली नाही आणि टायमरचा एक फेरा शांतपणे गेला, मगच उतरवणे नीट झाले म्हणावे.

कन्स्ट्रक्टरमधला टायमर

कोड वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. दर दोन सेकंदांनी ‘प्रॉक/मेमइन्फो’ वाचणारा टायमर मुख्य वर्गाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुरू होत होता. ट्रे आणि मेन्यू दोघेही लायब्ररी स्वतंत्रपणे उघडतात, म्हणून एकाच प्रोसेसमध्ये या वर्गाचे दोन ऑब्जेक्ट जन्माला येतात. मेन्यूच्या ऑब्जेक्टकडे पट्टी नसतेच. अ‍ॅपलेट() त्याच्यावर कुणी बोलावत नाही. टायमर मात्र त्याचाही वाजतो आणि शून्य पॉइंटरवर रंगवायला जातो. पहिला दोष दुरुस्त केल्यावर हा दोन सेकंदांनी डोके वर काढणारच होता.

कन्स्ट्रक्टरमध्ये पॉइंटर आणि ‘रेफ’ शून्य करण्यापलीकडे काही करू नये. केवळ प्रश्नाला नकार देण्यासाठीही ऑब्जेक्ट जन्मतो आणि लगेच मरतो. त्याने फाइल उघडणे, चॅनेल जोडणे, चित्र वाचणे हे सगळे वाया जाते आणि लाँचर सुरू व्हायला वेळ लागतो. टायमर विजेटमध्ये हलवला, म्हणजे विजेट मोडले की तोही मोडतो. वाचनाचा अवधीही वाढवून दहा सेकंद केला, आणि पट्टीची उंची एका पिक्सेलने तरी बदलली असेल तरच पुन्हा रंगवायचे ठरले. चौदा-पंधरा पिक्सेल उंचीच्या पट्टीत ६४ एमबी बसवायचे, तर एक पिक्सेल चार एमबीहून जास्त. दर दोन सेकंदांना वाचून दिसणार काय? मोकळी मेमरी मोजताना बफर आणि कॅशे तिच्यात मिळवावे लागतात, नाहीतर काही वेळाने मेमरी कायमची भरलेली दिसते.

पुन्हा चढवताना

दुरुस्त लायब्ररी यंत्रावर नेताना एक फसगत राहतेच. चालू लाँचरने चढवलेल्या फाइलीवर एससीपीने थेट नवी फाइल लिहिली, तर तोच आयनोड (फाइल प्रणालीतली त्या फाइलीची नोंद) कापून पुन्हा भरला जातो आणि चालू प्रोसेसच्या पायाखालचा कोड बदलतो. लाँचर तत्क्षणी पडतो आणि दोष नव्या कोडवर येतो. फाइल आधी वेगळ्या नावाने, ‘.एसओ’ने न संपणाऱ्या, त्याच फोल्डरात उतरवावी. मग ‘एमव्ही’ने जागेवर आणावी. जुना आयनोड लाँचर सोडेपर्यंत जिवंत राहतो. त्यानंतर रीलोडचा संदेश.

पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये संदेश पाठवण्याआधी लाँचर चालू आहे का हे ‘पिडऑफ’ने पाहावे, आणि काढल्यानंतरच्या स्क्रिप्टमध्येही तोच संदेश ठेवावा, तो विसरला तर फाइल गेली तरी अ‍ॅपलेट पुढच्या रीलोडपर्यंत पडद्यावर राहते. तपासणीचा क्रम या प्रकरणानंतर असा ठरला: कोरी बसवणी, मग लाँचर बराच वेळ वापरून रीलोड, मग आवृत्ती क्रमांक बदलून आणि कोडमध्ये खरोखर फरक करून अपग्रेड, मग दोन्ही एक्स्क्लूड याद्या आळीपाळीने, मग यंत्र झोपवून उठवणे, आणि शेवटी पॅकेज काढणे. अपग्रेडच्या पायरीला फक्त क्रमांक बदलून चालत नाही. लायब्ररीचा आकार बदलला नाही तर पत्तेही जागचे हलत नाहीत आणि उतरवण्यातला दोष पुन्हा झाकला जातो.